जसंच्या तसं

"डोळे उघडायचे नाहीत हं. चुरचुरलं तरी चोळायचे नाहीत," असं म्हणत तिने त्याच्या हातात कापसाचा बोळा ठेवला, दंडाला धरून त्याला भिंतीकडच्या बाकावर बसवलं आणि ती पुढच्या माणसाकडे वळली. डोळ्यांच्या दवाखान्यात सकाळी अकराची गर्दी होती. थेंब घातलेली दहाबारा माणसं ओळीने डोळे मिटून बसली होती. पुढच्या माणसालाही तिने तेच सांगितलं, त्याच्या पुढच्यालाही. आवाज जरा घोगरा, आणि वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा. जिन्याची शेवटची पायरी पायाने चाचपावी तसा. तिसऱ्यांदा तो आवाज ऐकताना त्याच्या लक्षात आलं की आपला उजवा हात गुडघ्यावर चालतो आहे. तशी ती सवयच होती. कोणी बोलू लागलं की त्याची बोटं आपोआप लघुलिपीत लिहायला लागायची, समोर कागद असो नसो. बायको म्हणायची, "माझं बोलणं तरी सोडा हो, उद्या कोर्टात दाखवाल." पण आज हात नुसता चालत नव्हता, तो काहीतरी ओळखत होता. हे शेवट उतरवणं ह्या हाताने आधी कधीतरी लिहिलं होतं, भरभर, कित्येक पानं. चेहरा आठवायचा प्रश्नच नव्हता. लिहिताना तो मान वर करत नसे. पाच सेकंद मान वर केली तर दहा शब्द निसटतात. आयुष्यात भेटलेली निम्मी माणसं त्याच्याकडे अशी नुसती आवाजाने जमा झाली होती.

मग त्याला आठवलं, आणि त्याने हात दुसऱ्या हाताखाली दाबून धरला. ती आपल्याला ओळखणार नाही, असं तो स्वतःला सांगू लागला. चौदा वर्षं झाली, केस गेले, पोट सुटलं, आणि तसंही कोपऱ्यात बसून लिहिणाऱ्याकडे कोण बघतं. पावलं जवळ आली, पुढे गेली, पुन्हा मागे आली आणि थांबली.

"तुम्ही लिहायचे ना?" ती हळूच म्हणाली.

"कुठे?" त्याने विचारलं.

"चौकशीला. वृद्धाश्रमाच्या आगीच्या. लांब टेबल होतं बघा, तुम्ही कडेला बसायचे. मी सारखी तुमच्या हाताकडेच बघत होते. बाकी कोणाच्या तोंडाकडे बघायचं धाडस नव्हतं मला. एक विचारू? रागावू नका. मी ते बोलले होते ना हो तिथे? किल्लीचं? की किल्ली साहेब घरी नेतात, ती खिळ्याला टांगून ठेवा म्हणून मी दोनदा सांगितलं होतं त्यांना? वकील म्हणाले, कागदात नाही. आमची ताई म्हणते, घाबरली असशील, बोललीच नसशील. आता मलापण तसंच वाटायला लागलंय. इतक्यांदा मनात बोललेय ना ते, की वाटतं, मनातच बोलले असेन. तुम्ही लिहून घेत होता म्हणून विचारते."

त्याचे डोळे मिटलेले होते. मिटलेल्या डोळ्यांची फार मोठी सोय असते, हे त्याला त्या क्षणी कळलं.

"नाही हो आठवत," तो म्हणाला. "फार वर्षं झाली."

"हो, तेपण खरंच," ती लगेच म्हणाली, जणू त्याचीच समजूत घालावी तशी. "किती जणांचं लिहिलं असेल तुम्ही. द्या तो बोळा, ओला झालाय. हा कोरडा घ्या."

बाहेर आला तेव्हा डोळ्यांच्या बाहुल्या पसरलेल्या होत्या आणि ऊन नुसतं अंगावर येत होतं. दुकानांच्या पाट्या वाचता येत नव्हत्या, माणसांना कडा नव्हत्या. हातात डॉक्टरांची चिठ्ठी धरून तो पदपथावर उभा राहिला आणि त्याला ती चौकशीची खोली मात्र लख्ख दिसू लागली. एका बंद वाचनालयाचं ते दालन. पुस्तकं गेलेली, रिकामी कपाटं उरलेली, आणि मधोमध ते लांब टेबल. टंकलेखनाची त्याची शाळा बंद पडून वर्ष झालं होतं. माणसं आता संगणकावर स्वतःच टाइप करतात, त्यासाठी शाळा कशाला? त्रेचाळिसाव्या वर्षी, दाराशी येऊन पडलेल्या वर्तमानपत्रातली जाहिरात बघून त्याने अर्ज केला आणि चौकशी समितीत कंत्राटावर लघुलेखक म्हणून लागला. मिनिटाला एकशे वीस शब्द, आणि चूक जवळपास नाही. पहिल्याच महिन्यात कचेरीने त्याचं नाव 'टेप' ठेवलं. "आमच्या टेपला चहा सांगा रे," असं समितीचे सचिव स्वतः म्हणत. त्याला ते आवडायचं. त्याच्या वडिलांना, भावाला, सासऱ्यांना कोणाला कधी असं एका शब्दात कोणी ओळखलं नव्हतं. साक्षीदार कोसळायचे, रडायचे, एकमेकांवर ओरडायचे आणि तो रेघा ओढत राहायचा. जाड रेघ, बारीक रेघ, टिंब. त्यात दुःख वेगळं लिहायची सोय नव्हती. संध्याकाळी चिन्हांवरून टाइप करायचं, आणि प्रत्येक साक्षीच्या खाली एक ठरलेली ओळ घालायची: 'वरील मजकूर साक्षीदारास वाचून दाखवला, तो जसाच्या तसा असून त्यास कबूल आहे.' वाचून कोणालाच दाखवत नसत. वेळ कुठे होता? सही कुठे करायची तेवढं बोट ठेवून दाखवायचं.

आग भर दुपारची. वृद्धाश्रम सरकारी, एकमजली. जेवणं होऊन म्हातारी माणसं आडवी झाली होती. मधल्या खोलीत तारेतून ठिणगी उडाली, गाद्या पेटल्या, पुढच्या दाराकडचा रस्ता धुराने भरून गेला. मागचं दार होतं, पण त्याला बाहेरून कुलूप. तेही दुष्टपणाने घातलेलं नव्हतं. आदल्या वर्षी एक आजोबा त्याच दारातून चालत हमरस्त्यावर गेले होते आणि ट्रकखाली आले होते. तेव्हापासून अधीक्षकांनी दुपारी कुलूप घालायचा हुकूम काढला. आत नऊ माणसं दगावली. ती तिथे मावशी म्हणून कामाला होती, त्या वेळी मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होती, म्हणजे कुलपाच्या बरोबर बाहेरच्या बाजूला. अधीक्षकांनी साक्षीत सांगितलं की किल्ली मावशींकडे असते. नंतर मावशीची साक्ष झाली. तासभर ती बोलत होती, आणि तिच्या बोलण्यात ते किल्लीचं आलं. ते लिहिताना टेबलाच्या वरच्या टोकाला कोणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज त्याने ऐकला होता. खुर्चीसाठी चिन्ह नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सचिवांनी त्याला बोलावलं. टाइप केलेली साक्ष त्यांच्यासमोर होती. वाईट माणूस नव्हता तो. कोणाला लागेल असं बोलत नसे, कोणाच्या घरी आजारपण असलं तर विचारपूस करायचा. त्यांनी पेन्सिलीचं टोक एका परिच्छेदावर ठेवलं आणि म्हणाले, "हे जरा बघा." बस्स, एवढंच. मग त्यांनी विचारलं, "आई कशा आहेत तुमच्या?" आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती, समितीची मुदत दोन महिन्यांत संपणार होती, आणि कंत्राटी माणसांपैकी कोणाला कायम नोकरीत घ्यायचं ह्याची यादी सचिव करणार होते, हे कचेरीतल्या पाण्याच्या माठालाही ठाऊक होतं. त्याने पान घेतलं. जागेवर येऊन बघितलं. मग नवा कागद चढवला आणि ते पान पुन्हा टाइप केलं. सांधा इतका साफ बसला की त्याला स्वतःलाच थोडं कौतुक वाटलं. आणि खाली ती ठरलेली ओळ. मावशी आली, बोट ठेवलं तिथे तिने आपलं नाव एकेक अक्षर लावत लिहिलं, आणि जाताना त्याला म्हणाली, "लई उपकार झाले." का म्हणाली कोण जाणे. पुढे तिच्यावर खटला झाला, निष्काळजीपणाबद्दल दीड वर्षाची शिक्षा झाली. ते त्याने बाहेरगावी, नव्या कायम नोकरीच्या पहिल्या वर्षात वर्तमानपत्रात वाचलं. बातमी चार ओळींची होती. पान उलटलं, असं त्याला आठवत होतं. पण पुढच्या पानावर काय होतं ते आजही सांगता आलं असतं, इतकं ते नीट वाचलं होतं.

रविवारी दुपारी बायको शेजारी गेलेली असताना त्याने माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. समितीच्या सगळ्या वह्या त्याने कचेरीत जमा केल्या होत्या, एक सोडून. का ठेवली, ह्याचं उत्तर त्याने कधी स्वतःला दिलं नव्हतं. कदाचित कोणी विचारलंच तर असावी म्हणून. कदाचित कोणी कधीच विचारू नये म्हणून. वहीच्या कडा पिवळ्या झाल्या होत्या, पेन्सिल पुसट झाली होती. नवा चष्मा लावून तो खिडकीशी बसला. लघुलिपीचं एक असतं: पुस्तकातली चिन्हं सगळ्यांची सारखी, पण वर्षं गेली की प्रत्येकाचा हात आपल्या वाटा काढतो, आणि मग ते ज्याचं त्यालाच वाचता येतं. ह्या जगात ही पानं वाचू शकणारा एकच माणूस होता, आणि त्याला थेंब घालून मोतीबिंदू पिकलाय का ते बघत होते. त्याला ती जागा सापडली. इतकी वर्षं तो मनात 'त्या दोन ओळी' म्हणत आला होता. बघतो तर सात होत्या. पहिल्या दोन त्याला पाठ होत्या: 'किल्ली साहेब जेवायला जाताना घरी न्यायचे. ती दारापाशी खिळ्याला टांगा असं मी त्यांना दोनदा सांगितलं होतं.' पुढच्या ओळी तो हळूहळू, चिन्हावर बोट ठेवून वाचत गेला आणि त्याला आठवलं की त्याही गाळाव्या लागल्या होत्या, कारण त्यांतही 'साहेब', म्हणजे अधीक्षक, येत होते. सांधा साफ बसायला त्याही जायला हव्या होत्या. त्या वाचून झाल्यावर त्याने चष्मा काढला. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी धूत होतं. पाणी ओतल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

बायको आली तेव्हा तो तसाच बसलेला होता, मांडीवर वही. त्याने तिला सगळं सांगितलं. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत ह्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

"अहो, आठ महिने राहिलेत तुमचे," ती म्हणाली.

"तिने दीड वर्ष काढलं."

"मी कुठे नाही म्हणते? पण ते आता परत येणार आहे का? तुमचं मात्र जाईल. सही तुमची, टाइप तुमचं, खालची ती ओळ तुमची. सचिवसाहेब तर म्हणतील, मला ठाऊकच नाही." ती पदराशी चाळा करत राहिली. मग एकदम म्हणाली, "मला का नाही सांगितलंत तेव्हा?"

"काय सांगणार होतो?"

"काही का असेना. चौदा वर्षं मी आपली समजत होते, हा माणूस मुळातच गप्प आहे. माहेरी सगळ्यांना सांगायची, आमच्याकडे बोलणं कमी." ती उठून आत गेली आणि भांडी उगाचच पुन्हा घासायला लागली. त्याला वाटलं होतं की ती रागावेल, अडवेल. तिने त्यांपैकी काही केलं असतं तर सोपं गेलं असतं.

त्या आठवड्यात तो सचिवांना भेटून आला. ते कधीचे निवृत्त झाले होते, तळमजल्यावर राहत, कुंड्यांना पाणी घालत होते. त्याला बघून त्यांना खरोखर आनंद झाला. "अरे, टेप! या या." चहा झाला. त्याने वही काढली नाही, नुसतं सांगितलं. ऐकताना ते कुंडीतली वाळकी पानं खुडत राहिले.

"मी तुम्हाला गाळा म्हटलं होतं?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"तुम्ही म्हणालात, हे जरा बघा."

"मग? बघा म्हणजे बघा. त्यात तुम्ही काय बघितलंत ते तुम्हाला ठाऊक."

"साहेब, ती यादी तुमच्या हातात होती."

तेव्हा त्यांनी हातातली पानं खाली टाकली आणि त्याच्याकडे नीट बघितलं. "तुमचं नाव मी आदल्याच आठवड्यात पाठवलं होतं. साक्ष व्हायच्या आधी. तुमच्यासारखा हात दुसरा नव्हता कचेरीत. आता सांगतो, तुम्ही ते पान तसंच परत आणून ठेवलं असतंत ना, तर मी काय केलं असतं मलाही ठाऊक नाही. कदाचित तसंच जाऊ दिलं असतं. तुम्ही बदलून आणलंत, मला हायसं वाटलं. ते मी नाकारत नाही. पण कशाला उकरता? मी ह्या वयात काय उत्तर देणार?"

परत येताना तो दोन थांबे पुढे उतरला आणि चालत राहिला. इतकी वर्षं त्याच्याकडे निदान एक गोष्ट होती: घाबरलो होतो, आई आजारी होती, नोकरी त्यांच्या हातात होती, कोणीही हेच केलं असतं. आज तीही काढून घेतली. कोणी धमकावलं नव्हतं, कोणी काही मागितलं नव्हतं, जे मिळायचं होतं ते आधीच मिळालेलं होतं. एका सभ्य माणसाने पेन्सिलीचं टोक कागदावर ठेवलं आणि पुढचं सगळं त्याने आपण होऊन, स्वच्छ हाताने, एकही चूक न करता केलं. एका शाळेच्या भिंतीला टेकून तो उभा राहिला. आत मुलं पाढे म्हणत होती. त्याला रडू येईलसं वाटलं, पण आलं नाही.

साक्षीची संपूर्ण प्रत त्याने घरीच तयार केली, सोबत प्रतिज्ञापत्र लिहिलं, आणि ते कचेरीत द्यायच्या आधी तो तिच्याकडे गेला. दवाखान्यातून पत्ता घेतला होता. ती ताईकडे राहत होती, तिसऱ्या मजल्यावर, दीड खोलीत. दवाखान्याच्या निळ्या साडीला इस्त्री करत होती. त्याला बघून तिने इस्त्री उभी केली, खुर्चीवरचे कपडे उचलले. ताई आत होती, मधे पडदा. तो बसला नाही.

"मी त्या दिवशी खोटं बोललो," तो म्हणाला. "मला आठवत होतं. तुम्ही बोलला होता. मी लिहिलं होतं. मग मीच गाळलं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने पहिल्यांदाच तिचा चेहरा पाहिला. लहानसा, कपाळावर गोंदलेलं, ओठ किंचित उघडे. तो शिव्याशापांची वाट बघत होता. तिने पदराने खुर्ची पुसली आणि म्हणाली, "बोलले होते ना पण?"

"हो."

"बाई गं," ती म्हणाली आणि पलंगाच्या कडेवर बसली. "म्हणजे मी बरोबर होते." मग म्हणाली, "वाचून दाखवता? मला वाचायला वेळ लागतो."

इथेच तो चाचरला. जिना चढताना प्रत्येक पायरीवर त्याने हाच विचार केला होता. पहिल्या दोन ओळी वाचून थांबता आलं असतं. तिला हव्या होत्या त्या त्याच दोन. पुढच्या पाच ती विसरली होती. दवाखान्यात तिने त्यांचा उल्लेखही केला नव्हता. मन असं काही पुसतं तेव्हा ते कोणाच्या तरी जिवावर बेतू नये म्हणूनच पुसत असेल. मागे भीतीने गाळलं, आता दयेने गाळायचं. हाताला दोन्ही सारखंच सोपं होतं. त्याने कागद उलगडला आणि वाचायला सुरुवात केली, सगळं, ज्या लयीत ती बोलली होती त्याच लयीत.

"'किल्ली साहेब जेवायला जाताना घरी न्यायचे. ती दारापाशी खिळ्याला टांगा असं मी त्यांना दोनदा सांगितलं होतं. मी कुलूप ओढत होते तेव्हा आतून सहा नंबरचे मास्तर दारापाशी आले. त्यांनी विचारलं, मावशी, किल्ली आहे का? मी म्हणाले, साहेबांकडे आहे, आणते. मग मी पळत फाटकापाशी गेले. साहेबांचं घर लांब. मी फाटकापाशीच उभी राहिले. परत दारापाशी गेले नाही. परत जाऊन मास्तरांना सांगायचं काय?'"

तो थांबला. इस्त्री तापून टिकटिक करत होती. ती उठली नाही. तिचा चेहरा बदलला नाही, फक्त तिने दोन्ही तळहात मांडीवर उलटे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

"आणते म्हणाले होते," ती म्हणाली. "हो. आणते म्हणाले होते मी." पुढे म्हणाली, "मला वाटत होतं, मी दारच ओढत होते शेवटपर्यंत. बंब आला तेव्हा मला दारापासून ओढून काढलं, असंच डोळ्यांपुढे यायचं. किती वर्षं. ती दुसरी कोणीतरी असेल, नाही?" मग तिने मान वर केली. "तुम्ही हे वर देणार?"

"उद्या."

"मग तेवढं एक नका ना लिहू. मास्तरांचं. किल्लीचं लिहा, ते खरंच आहे. पण हे... हे कशाला?" ती आर्जवाने म्हणाली, दवाखान्यात ओला बोळा मागून घेतला होता त्याच हळू आवाजात. "तुम्हाला येतं ना गाळायला?"

ते तिने टोचायला म्हटलं नव्हतं, ते त्याला कळलं. म्हणूनच ते खोल गेलं. तो खुर्चीवर बसला. म्हणाला, "येतं. पण पुन्हा गाळलं तर त्या खालच्या ओळीचं काय करू? जसंच्या तसं आहे असं लिहावं लागतं खाली. मागच्या वेळी ते खोटं लिहिलं. हेही खोटं लिहिलं, तर किल्लीचं तरी कोण खरं धरेल?" बोलता बोलता त्याला स्वतःचाच तिटकारा आला. किती उशिरा सुचलेलं शहाणपण, आणि कोणाच्या जिवावर. "तुम्ही नको म्हणालात तर मी हे सगळंच देणार नाही," तो म्हणाला. "सगळं किंवा काही नाही. ते तुम्ही ठरवा."

ती खिडकीकडे बघत होती. समोरच्या गच्चीवर कोणाचे तरी कपडे वाळत होते. पडद्यामागे ताईची हालचाल थांबली होती.

"राहू दे," ती म्हणाली.

लघुलेखकाला हा शब्द नेहमी नडतो. देऊ नका असाही त्याचा अर्थ, तसाच ठेवा असाही. "राहू दे म्हणजे?" त्याने विचारलं.

"आहे तसं राहू दे." तिने नाक पुसलं. "मास्तरांनी विचारलं होतं, ते पुसायला नको. त्यांचं तेवढंच बोलणं राहिलंय मागे. त्यांचं घरचं कोणी नव्हतं."

दुसऱ्या दिवशी त्याने ते आवक टेबलावर दिलं आणि शिक्का मारून पोच घेतली. मग जे व्हायचं ते झालं. कारणे दाखवा नोटीस आली. कचेरीतली माणसं त्याच्याशी हवापाण्याचं बोलू लागली. एकाने जिन्यात गाठून विचारलं, "टेपसाहेब, मोबदला काय मिळाला हो एवढ्या वर्षांनी?" सचिवांनी खुलाशात लिहून दिलं की ह्याबाबत काहीही स्मरत नाही, अधीक्षक दोन वर्षांपूर्वीच वारले होते. खात्यातर्फे त्याचा जबाब झाला, तेव्हा समोर बसलेली मुलगी त्याचं बोलणं थेट संगणकावर टाइप करत होती. "काका, जरा हळू," ती दोनदा म्हणाली. शेवटी तिने सहीसाठी कागद पुढे केला तेव्हा त्याने विचारलं, "वाचून दाखवता?" ती गोंधळली. "सगळे अशीच करतात सही, काका." तरी तिने वाचलं, कंटाळत, भरभर. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. एका ठिकाणी 'गाळले' ऐवजी 'गाळले गेले' पडलं होतं. तेवढं त्याने दुरुस्त करून घेतलं.

तो निवृत्त झाला तो निरोपसमारंभाशिवाय. पेन्शनचे कागद अडकून पडले. बायको शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेऊ लागली. त्याबद्दल ती एकदाही काही बोलली नाही, मात्र दुपारी चहा घेताना आता ती त्याला काही ना काही विचारत असे, लहानपणचं, शाळेचं, आणि उत्तर मिळेपर्यंत कप खाली ठेवत नसे. अकरा महिन्यांनी खात्याचं पत्र आलं. ते घेऊन तो मावशीकडे गेला. मधल्या काळात तो तीनचारदा तिथे जाऊन आला होता. अर्ज कुठवर पोचला ते सांगायला म्हणून जायचा, बसायचा, थोडं बोलायचा. त्या दीड खोलीत त्याला बरं वाटायचं. त्याच्याबद्दलचं सगळं ठाऊक असलेलं घराबाहेरचं ते एकच माणूस होतं.

"काय लिहिलंय?" तिने विचारलं. ताईही पडद्याबाहेर येऊन उभी राहिली होती.

"लिहिलंय की अहवाल सरकारने पूर्वीच स्वीकारलाय, त्यामुळे फेरविचार करता येत नाही. तुमची शिक्षा भोगून झालेली आहे, त्यामुळे त्यातही काही करायचं उरलेलं नाही. पण आपले कागद मूळ अहवालाला जोडलेत."

"म्हणजे कोणी उघडलं तर दिसतील?"

"शेवटची पानं."

"कोण उघडणार?" ताईने विचारलं.

"कोणी नाही," तो म्हणाला.

ताई कपबशा गोळा करू लागली, मग थांबली. "मी उगाच तुला म्हणत राहिले," ती बहिणीला म्हणाली, तिच्याकडे न बघता. "मला वाटायचं, तू घाबरली असशील."

"घाबरलेच होते की," मावशी म्हणाली. "तरी बोलले."

त्याने पत्राची घडी घातली. ती घडी नीट बसेना. पत्र तिच्याकडे ठेवायचं ठरलं. तिने ते घेतलं, कपाटात कपड्यांखाली सरकवलं आणि त्याला सोडायला दारापर्यंत आली. बाहेर जिन्यात संध्याकाळचा उजेड होता. चपला घालून तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात चक्कर मारीन. डोळ्याचं ऑपरेशन आहे, तेव्हा दवाखान्यात तर भेटूच."

"दवाखान्यात भेटू," ती म्हणाली. मग चौकटीला हात धरून, शब्द शोधत म्हणाली, "घरी नका येऊ हं आता. रागाने नाही म्हणत मी. तुम्ही माझं खरं केलंत, ते मी विसरायची नाही. पण तुम्ही येऊन गेलात ना, की दोनचार दिवस मास्तर दारापाशी येतात. किल्ली आहे का विचारतात. पहिलं नव्हते येत."

त्याच्या तोंडून "हो, हो" एवढंच आलं. तिने मान हलवली, त्याचे आभार मानावेत तशी. तो जिना उतरू लागला. पहिल्या वळणावर त्याने वर पाहिलं तेव्हा ती अजून तिथेच उभी होती, आणि त्याच्याकडे बघत नव्हती.